पुठ्ठ्यावरचा टॅग

नोकरीत असताना शेकड्यांनी प्रकरणं हातावेगळी केली. निवृत्त झाल्यावर त्यातली बहुतेक विसरलोही. हे एक मात्र आजही तारीखवार आठवतं, कारण त्यात गुन्हेगाराइतकाच मीही चुकलो होतो. नावं कुणाचीच घेणार नाही. माणसं हयात आहेत आणि सोलापूर काही फार मोठं गाव नाही.

गाड्यांना फास्टॅग सक्तीचा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. महामार्गालगतच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दुपारी तीनची पाळी सुटली, की चिंचोळी एमआयडीसीतून कामगारांचा लोंढा रस्त्यावर येतो. त्या दिवशी कपड्यांच्या कारखान्यात काम करणारी एक बाई रिक्षासाठी रस्ता ओलांडत होती. एका पांढऱ्या पिकअपने तिला उडवलं आणि गाडी न थांबवता चालक पळून गेला. बाई वाचली, पण डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. शिलाई यंत्रावर दोन्ही पाय लागतात, हे वेगळं सांगायला नको.

ठाण्यात पहिला फोन आला तो पानटपरीवाल्याचा. त्याने नंबर पाहिला नव्हता. पांढरी पिकअप, मागे ताडपत्री, आणि टोलनाक्याच्या दिशेने गेली, एवढंच त्याला सांगता आलं. पूर्वी अशा खबरीवर आठ-आठ दिवस गॅरेजं धुंडाळावी लागत. आता मी हवालदाराला सरळ नाक्यावर पाठवलं. तासाभरात यादी आली. अपघातानंतर सातव्या मिनिटाला एका पिकअपचा टॅग यंत्राने वाचला होता. गाडी शुक्रवार पेठेतल्या एका पेंडीच्या व्यापाऱ्याची निघाली. संध्याकाळच्या आत मी तिच्या चालकाला ठाण्यात बसवलं होतं. माझी मान त्या दिवशी जरा ताठ होती, हे कबूल करतो.

चालक अठ्ठावीस वर्षांचा, आमच्याच हद्दीतल्या एका खेड्यातला, घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी. नुकतीच त्याची एसटीत चालक म्हणून निवड झाली होती. चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर येऊन पडला होता. तेवढा अहवाल बरा गेला, की पोरगा कायमचा सरकारी पगारावर. या एका कागदासाठी त्याने चार वर्षं घालवली होती.

त्याने पहिल्याच जबाबात सांगितलं की त्या वेळी तो बार्शीला होता. मार्केट यार्डात पेंड भरली, काट्यावर वजन केलं आणि बार्शी रस्त्यानेच परत आला. त्या रस्त्यावर टोल नाही. मी त्याच्यापुढे यादी सरकवली आणि गाडी मग नाक्यावर उडत आली का, असं विचारलं. तो यादीकडे बघत राहिला. आरोपी गप्प बसला, की पोलिसाला वाटतं आपण बरोबर आहोत. माणूस गप्प बसण्याची दहा कारणं असतात आणि गुन्हा हे त्यातलं एक असतं, हे मी नव्या फौजदारांना शिकवत असे. त्या दिवशी स्वतःच विसरलो.

गाडीचा पंचनामा झाला. डाव्या बंपरवर ओरखडा सापडला. खेडोपाडी माल वाहणाऱ्या कुठल्या पिकअपला तो नसतो? पण मला तेवढा पुरला. बार्शीला माणूस पाठवायचं ठरलं होतं, तेही राहून गेलं. नाक्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रणही मागवलं नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं मीच हवालदाराला म्हणालो होतो.

तीन दिवस त्याला सकाळी बोलावून संध्याकाळी सोडत होतो. मधे एकदा ओळख पटवायला दवाखान्यात बाईसमोरही नेलं. तिन्ही दिवस त्याचा मालक स्वतः डबा घेऊन आला. जामीनही त्यानेच दिला. पन्नाशीचा, कपाळाला भस्म, माझ्याशी मराठीत आणि फोनवर कानडीत बोलणारा, सभ्य गृहस्थ. गाडीचा विमा चालू आहे, बाईला भरपाई नक्की मिळेल, असं त्याने न विचारता मला दोनदा सांगितलं. आपल्या नोकराला एवढं सांभाळणारा मालक मला फार आवडला. पडताळणीच्या कागदावर मी ‘गुन्हा दाखल, तपास चालू’ असा शेरा मारला, सही केली आणि कागद रवाना केला. नियमाप्रमाणे तसाच शेरा मारायचा असतो.

पंधरा दिवसांनी एका रविवारी मी बायकोबरोबर खासगी गाडीने लग्नाला निघालो होतो. नाक्यावर आमच्या पुढे एक जीप होती. तिच्या चालकाने डॅशबोर्डवरून टॅग चिकटवलेला पुठ्ठ्याचा एक तुकडा उचलला आणि काचेला आतून टेकवून धरला. अडसर वर गेला. त्याने पुठ्ठा परत खाली टाकला आणि जीप निघाली. बायको म्हणाली, “एवढ्या मोठ्या काचेला चिकटवायला जागा नाही होय याला?”

टॅग म्हणजे एक पट्टी, तिच्यात एक चिप. वरचं यंत्र लहरी सोडतं, पट्टी आपला क्रमांक सांगते आणि तो क्रमांक ज्या गाडीच्या नावावर, ती गाडी गेली अशी नोंद होते. यंत्राला पट्टी कळते. ती कुणाच्या काचेमागे आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असणं आणि वेळेवर सुचणं यात पंधरा दिवसांचं अंतर पडलं.

लग्न बायकोवर सोपवून मी ठाण्यात परत आलो. जप्त पिकअप आवारातच उभी होती. काच नीट पाहिली. देवाचा फोटो होता, लिंबू-मिरची होती, टॅग नव्हता. तो कधी चिकटवल्याची खूणही नव्हती. मी चालकाला बोलावून घेतलं, खुर्ची दिली आणि टॅग कुठे आहे ते विचारलं.

“पुठ्ठा मालकाकडं असतोय की, साहेब. दोन गाड्यांत एकच हाय. जी गाडी हमरस्त्याला जाणार, तिच्यात टाकायचा. मी बार्शीला गेलो, म्हणून त्यांच्या घरीच ठेवला हुता.”

“हे पहिल्या दिवशी का नाही बोललास?”

“तुमी इचारलं, गाडी तितं का नेली. पुठ्ठा कुटं हुता, ते कुणी इचारलंच न्हाय. दुसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, तर मालक डबा घिऊन समोर उभे. आठ वर्सं त्यांचं मीठ खाल्लंय. माझ्या तोंडानं त्यांचं नाव कसं घिऊ?”

त्याच दिवशी हवालदार बार्शीला गेला. काट्यावरच्या स्थळप्रतीत या पिकअपचा नंबर होता आणि वेळ तीनला दहा मिनिटं कमी. जे काम पहिल्या दिवशी एसटीच्या तिकिटात झालं असतं, ते सोळाव्या दिवशी झालं. नाक्यावरचं चित्रण मागितलं, तर जुनं पुसून त्यावर नवं चढलं होतं.

मालकाची दुसरी, जुनी पिकअप भाच्याच्या गोठ्यामागे सापडली. पुढचा दिवा नवा कोरा, बाकी गाडी धुळीने माखलेली. टॅगचा पुठ्ठा डॅशबोर्डवर तसाच पडलेला. तिचे कागद केव्हाच संपले होते. विमा नव्हता आणि कागदांअभावी तिच्या नावाने टॅगही घेतलेला नव्हता. मालकाला समोर बसवलं, पुठ्ठा टेबलावर ठेवला आणि मी काहीच विचारलं नाही. त्याने पुठ्ठा उचलून पालथा ठेवला. मग सांगू लागला, त्या दिवशी गाडी तो स्वतः चालवत होता.

“पळालो ती चूक झाली, साहेब. पण जुन्या गाडीवर आलं असतं, तर बाईला विम्यातून दमडी मिळाली नसती की. नव्या गाडीवर गेलं, तर तिचं भलंच होतं. पोराला मी सांभाळलंच असतं.”

मी त्याला एसटीबद्दल विचारलं. तो म्हणाला, सरकारी नोकरीत काय ठेवलंय, माझ्याकडे त्याला काय कमी होतं? तोवर मला या माणसाचा राग आला नव्हता. तेव्हा आला.

खऱ्या गुन्हेगाराला अटक झाली. चालकाचं नाव गुन्ह्यातून वगळण्याचा अहवाल न्यायालयात गेला. पडताळणीचं दुरुस्तीपत्र मी टपालाने न पाठवता स्वतः एसटीच्या कार्यालयात घेऊन गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने ते नीट वाचलं आणि यादी मागच्याच आठवड्यात बंद झाल्याचं सांगितलं. त्याची जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला गेली होती. नियमाने तेच व्हायला हवं होतं.

ही बातमी सांगायला मी त्याच्या घरी गेलो. आयुष्यात फार कमी घरांत मी असा अवघडून बसलो असेन. चूक माझी होती, असं मी स्पष्ट सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. बायकोने चहा ठेवला. कप माझ्यापुढे सरकवत तो म्हणाला.

“एक काम करा, साहेब. त्या बाईला सांगा, मी नव्हतो. ओळख पटवायला मला दवाखान्यात नेलं, तवा ती लई रडली हुती.”

बाई तोवर घरी आली होती. दारातच बाजेवर बसली होती, शेजारी कुबड्या. मी सगळं क्रमाने सांगितलं. जुन्या गाडीला विमा नाही, भरपाईसाठी आता मालकावरच दावा लावावा लागेल, हेही लपवलं नाही. तिने त्यातलं काहीच विचारलं नाही.

“म्हंजे तो पोरगा नव्हता?”

“नव्हता.”

“महिना झाला, सकाळ-संध्याकाळ तळतळाट दिला त्याला मी. त्याच्या लेकराबाळांनासुदिक. तुमीच म्हणाला हुता, हाच हाय म्हणून. आता ते माघारी कसं घिऊ, साहेब?”

यंत्राने मला खोटं काहीच सांगितलं नव्हतं. एक पट्टी नाक्यावरून गेली, एवढंच ते म्हणालं होतं. ‘हाच आहे’ हे शब्द माझे होते. माझा शेरा खोडायला निदान दुसरा कागद तरी होता. तिच्या तळतळाटाला तसा कागद नव्हता. मी टोपी काढून हातात घेतली आणि तिच्यासमोर तसाच उभा राहिलो.