दाजींना नको असलेला वन्समोअर

आमच्या दाजींइतका रागीट माणूस दौंड जंक्शनात आजवर उतरला नसेल. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान रेल्वेत गार्ड होते. चहात साखर जास्त पडली की संताप, कमी पडली की संताप, आणि अगदी बेताची पडली तर "आज काय मागायचंय?" म्हणून संताप. ताई कानाडोळा करायची.

एक राग मात्र जुना होता. तरुणपणी त्यांनी एक ऐतिहासिक कादंबरी वाचली होती. तिच्यात पाटील आमच्या लोकांना विहिरीवर येऊ देत नाही आणि एक तहानलेली बाई रिकामी घागर घेऊन पायरीशी बसून राहते. दाजींची आजी शिरूरकडच्या आपल्या गावात अशीच बसायची. "हे त्या गावानं ऐकलंच पायजे," म्हणत त्यांनी कादंबरीचं संगीत नाटक केलं. "नुसत्या बोलण्याला कोण थांबतंय? गाण्याला बसत्यात लोक." चाली त्यांच्या, पेटी त्यांची, तबल्याला मी. माझी मात्रा चुकली की म्हणत, "पाव्हणं, तुमच्या बहिणीकडं बघून सोडतो."

प्रयोग ठरला आजीच्याच गावच्या जत्रेत. पाटलाच्या कामाला कारेगावात राहणारा कंपनीतला फिटर मिळाला. त्याचा गळा ऐकून दाजी असे पाघळले, की नाटकातली सगळ्यात गोड चाल पाटलालाच देऊन बसले! फिटरनं पायरीवरच्या बाईला गाऊन हाकललं, आणि मांडवातून आरोळी आली, "वन्समोअर!" पुढच्या खुर्च्यांतले पुढारी तर मांडीवर ताल धरून बसलेले. माझं डोकंच फिरलं. अरे, बाईला पाण्यावाचून हाकलतायत आणि तुम्ही माना कसल्या डोलावताय? जरा तरी लाज वाटू द्या!

फिटर खुशीत पुन्हा सूर लावणार, तोच दाजींनी पेटीचा भाता मिटला. "तबला थांबवा," मला म्हणाले. मग त्याला, "आता चाल न्हाई. नुसतं बोला."

तो गडबडला. मग बोलला, "हट. पायरी सोड. तुझ्या सावलीनं पाणी बाटतंय."

मांडीवरचा ताल थांबला. बाईचं काम करणारी पोरगी उठली आणि रिकामी घागर घेऊन आत गेली. पुढाऱ्यांपैकी कुणी वर बघेना.

आता दाजी गावाला शिव्या घालणार म्हणून मी वाटच बघत होतो. ते मिटल्या पेटीवर हात ठेवून बसून राहिले.

"आजीला हे असं कोरडंच ऐकावं लागलं असंल," ते म्हणाले. "मी येडा चाल लावत बसलो."

त्यापेक्षा त्यांनी नेहमीसारखं माझ्यावर खेकसायला हवं होतं, असं तेव्हा फार वाटलं.