डिंकमामांचं दगडफूल

वनस्पतिसंग्रहालयातल्या डिंकमामांना हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण त्यांच्या शर्टाच्या बाह्या पाहिल्या की कारण विचारायची गरज उरत नसे. दगडफुलांचे नमुने कागदी पाकिटांत घालायचे आणि वर चिठ्ठी डकवायची, यात त्यांची उभी नोकरी गेली. चिठ्ठीवर डोंगर, उंची, खडकाची दिशा, सगळं असे. मामा स्वतः मात्र कचेरीच्या दुसऱ्या मजल्यापेक्षा उंच कधी चढले नव्हते.

त्यांचा जीव एकाच नमुन्यावर जडला होता. उंच डोंगरावरचं, पिवळसर हिरवं, बशीएवढं गोल, कडेचा टवकाही न उडालेलं. डबा खाऊन झाला की ते पाकीट उघडून बसत. हे जिवंतपणी, वाऱ्यात, खडकावर कसं दिसत असेल?

"माझ्या माहेरी यायला कधी एवढे आसुसला नाहीत," मामी म्हणत. "आणि त्या बुरशीसाठी झुरताय!"

"अर्धीच बुरशी. उरलेलं अर्धं शेवाळ असतं."

"म्हणजे सवती दोन!"

निवृत्तीआधीच्या शेवटच्या दौऱ्यात संग्रहालयाच्या मॅडमनी त्यांना जीपमध्ये घेतलं. "कुठला खडक बघायचा, मामा? तुम्हीच सांगा." मामांनी अर्थातच लाडक्या पाकिटावरचा खडक सांगितला.

चढताना त्यांचा गुडघा कुरकुरत होता आणि मामा त्याच्या वरताण बडबडत होते. खडक सापडला. उत्तरेची बाजू, चिठ्ठीत होती तशीच. तिथे बशीएवढा खळगा होता, छिन्नीच्या खुणांसकट.

मामांनी खळग्याच्या कडेवरून बोट फिरवलं. अख्खं दगडफूल कपाटात आलं, तर खडकावर काय राहणार, हे इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अहो, माझ्याही नाही आलं लक्षात," मॅडम ओशाळून म्हणाल्या. "त्या वरच्या कड्यावर असेल."

मामांनी कड्याकडे पाहिलं. गुडघ्याने साफ नकार दिला.

मग मॅडमनी भिंग काढलं. खळग्याच्या कडेला खसखशीच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका होता.

"तेच का हो?"

"इतक्यात नाही सांगता येणार. फार सावकाश वाढतं. दहा-पंधरा वर्षांनी कळेल."

मामा बराच वेळ भिंगातून बघत राहिले.

"तुम्ही याल ना तेव्हा?"

"येईन की."

"तर मग खरवडून आणू नका," मामा म्हणाले. "मला घरी येऊन नुसतं सांगा, कसं दिसतं ते."