शेवटच्या ओळीतलं नाव

"आधी वाचून दाखवा, मग पुढचं सांगते."

एवढं म्हणून ती दुकानातल्या बाकड्यावर मांडी घालून बसायची आणि डोळे मिटायची. मी वाचायला लागलो की तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत जायचा. मध्येच थांबायचा. "थांबा भाऊ. हितं तुमी कायतरी खाल्लं." आणि खरंच, मी एखादा शब्द गाळलेला असायचा. लिहायला-वाचायला न येणाऱ्या बाईनं माझ्या जेवढ्या चुका काढल्या, तेवढ्या शाळेत कुणी काढल्या नाहीत.

तेलगावच्या फाट्यावर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, जातीचे दाखले, लग्नपत्रिका, असलं काम. ती ऊसतोडीची. दिवाळीच्या आसपास नवऱ्यासोबत कारखान्याला जायची, उन्हाळ्यात माघारी यायची. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम टोळी भरतो तेव्हा माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकट्या माणसाला तिथं जागा नाही.

ती उसाच्या फडातच गाणी रचायची. मोळ्या बांधता बांधता बायकांकडून पाठ करून घ्यायची. गावी आली की माझ्याकडून कागदावर उतरवून घ्यायची, कारण बीडला बायकांची एक संघटना होती, त्यांना ती गाणी मोर्चात म्हणायला लागायची. तुम्हीही ऐकली असतील. कलेक्टर कचेरीसमोर उन्हात बसलेल्या बायका टाळ्या वाजवत म्हणतात ना, तीच.

पिशवी गेली दवाखान्यात, मी गेले फडावर,
टाक्यावरून रगात वाळलं, मोळी डोक्यावर.

पिशवी म्हणजे गर्भाशय. तिची तिशीच्या आतच काढलेली. पोटात दुखतं म्हणाली, तर मुकादमाची बायको दवाखान्यात घेऊन गेली आणि डॉक्टरनं काढून टाकली. पाळी नाही, म्हणजे खाडा नाही, म्हणजे कामात खंड नाही. सगळ्यांचीच सोय. टाके ओले असताना ती पुन्हा फडात उभी होती.

मी स्वतःला कवी समजायचो. दोन-तीन दिवाळी अंकांत छापून आलो होतो, त्याची हवा डोक्यात. पहिल्यांदा हे गाणं टाइप केलं तेव्हा 'रगात' काढून मी 'रुधिर' घातलं. वाचून दाखवल्यावर तिनं डोळे उघडले.

"रुधिर कुणाचं असतंय ओ?"

"अक्का, रक्तच. जरा भारदस्त शब्द."

"मंग ते भारदस्त माणसाचं आसंल. आमच्यात रगातच निघतंय."

मी मुकाट्यानं बदललं. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं हसली.

गाणं सांगून झालं की ती कापडी पिशवीतून पोरीची गुणपत्रिका काढायची. "हिची झेरॉक्स मारा." तीच गुणपत्रिका, दर खेपेला. घरी झेरॉक्सचा गठ्ठा झाला असेल. पोरगी आजीजवळ राहून शिकत होती, दहावीत गेली होती. "भाऊ, माझी पोरगी फडावर जाऊ नये, एवढंच माझं गाणं हाय. बाकी सगळं त्याच्या भवतालचं हाय."

त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास संघटनेनं तिच्या गाण्यांची पुस्तिका काढायचं ठरवलं. काम माझ्याकडं आलं. तिनं एकच गोष्ट बजावली होती, "माझं नाव नगं. ऊसतोड बायांची गाणी, आसं लिवा."

आणि इथं माझ्यातला शहाणा जागा झाला. शाहिरी गाण्याची रीत आहे, शेवटच्या ओळीत रचणाराचं नाव येतं. बाईनं रचायचं आणि निनावी राहायचं, हा काय न्याय झाला? मला वाटलं, साहित्यानं आजवर बायकांवर जो अन्याय केला तो मी तेलगावच्या फाट्यावर बसून दुरुस्त करतोय. पिशवीच्या गाण्याला मी शेवटी एक ओळ जोडली. तिच्यात तिचं नाव आणि गाव बसवलं. मात्रा झकास जुळल्या होत्या. ती ओळ तेवढी मी तिला वाचून दाखवली नाही. ते नाव इथं लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं.

पुस्तिका गावोगाव गेल्या. एक मुकादमाच्याही हातात पडली.

दसऱ्याला टोळ्या ठरतात. मुकादमानं तिच्या नवऱ्याला सांगितलं, "तुझी बाई पुढारीण झाली. तिला नेलं तर बाकीच्या बिघडत्यात. दुसरा जोडीदार आण, मग बोलू." नवरा आणखी दोन मुकादमांकडं गेला. तिथंही तेच. गावात कोरडवाहू दीड एकर. त्यावर चार तोंडं कशी जगणार? घरात दुसरा जोडीदार एकच होता.

हे मला चहाच्या टपरीवर कळलं. हातातला कप तसाच ठेवून मी गाडीला किक मारली.

ती अंगणात होती. बाजरीच्या सरमाडाचा भारा दोरीनं आवळत होती. समोर पोरगी, अंगावर शाळेचा ड्रेस. मी अंगणाच्या कडेलाच थांबलो.

"अक्का, चूक झाली माझी."

तिनं वर पाहिलं. शिव्या घालेल असं वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कशापायी घातलं ओ भाऊ नाव?"

"तुमचं गाणं होतं. तुमचं नाव पाहिजे म्हणून..."

"माझ्या नावाला काय करायचं हुतं?" ती म्हणाली. "बसा. पोरीला दाखवायचं हाय, दिस कमी ऱ्हायलेत."

मी बसलो नाही. तिनं पोरीच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, भारा उचलून दिला. पोरगी डगमगली.

"मान ताठ धर. गुडघ्यातून ऊठ. गाडीच्या फळीवरून चढताना खाली बघू नगं."

पोरगी अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. परत आली. घामानं तिचा ड्रेस पाठीला चिकटला होता. आईनं भारा उतरवला, पदरानं तिचं तोंड पुसलं, आणि मी तिथं आहे हे विसरून, की मला ऐकू यावं म्हणूनच, तिला जवळ ओढून म्हणाली,

"आणि पोटात दुखलं तर कुणाला सांगू नगं. मुकादमाच्या बायकूला तर अजिबात नगं. दात आवळून ऱ्हा, पर दवाखान्यात जाऊ नगं. कळलं का? म्हण."

"दवाखान्यात जाणार न्हाई," पोरगी म्हणाली.

"परत म्हण."