भीक नव्हती ती

माझं आत्मकथन छापायला घेतलेले औरंगाबादेतले प्रकाशक एका पानावर फार भाळले होते. देवगाव रंगारीत माझी आई रोज संध्याकाळी टोपलं घेऊन घरोघर भाकर मागायला जायची, असं मी त्या पानावर लिहिलं होतं. "इथं डोळ्यांत पाणी आलं हो," म्हणत गृहस्थांनी चष्मा पुसला. पाणीबिणी काही नव्हतं, चष्मा कोरडा ठणठणीत होता. आणि मी येडा, तेवढ्यावर खूश! सायकल हाणत घरी आलो आणि आईला ते पान वाचून दाखवलं.

आई भांडी घासत होती. राखेचा हात तसाच धरून म्हणाली, "मागायला? कोण गेलं व्हतं रं मागायला? पाटलाचं अंगण कोण झाडत व्हतं? त्यांच्यात कुणी मेलं की सांगावा घेऊन तुझा बाप पायी वैजापूरला जायचा. त्याची मजुरी व्हती ती. शिळी द्यायचे, ती त्यांची नियत. गाव भीक म्हणायचं तवा मी थुंकायचे. आता तू बी म्हणतो व्हय?"

लाजेनं मेलो. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, मी एम.ए. झालो, आणि लिहायला बसलो तर शब्द उचलला नेमका पाटलाच्या ओसरीवरचा. थू माझ्या शिक्षणावर!

दुसऱ्या दिवशी प्रकाशकांना म्हटलं, "ते पान बदलायचंय. मजुरी लिहायचंय."

त्यांचा चेहरा उतरला. "अहो, मजुरी काय, सगळेच करतात. वाचक इथंच तर हळहळतो. उलट ज्या घरांनी तुम्हाला जगवलं त्यांचे दोन ओळींत आभार माना. तुमचाच मोठेपणा दिसेल."

आभार! आमची उपासमार यांना छापायला हवी, आमचा हक्क म्हटलं की पोटात दुखतं. वा रे कळवळा!

"तुमच्या घरी भांडी घासायला बाई येते ना? ती पगार नेते का भीक, जरा विचारा तिला," मी म्हणालो.

"मग आम्हाला छापणं जमायचं नाही."

"नका छापू."

कागद उचलून घरी आलो. आईला सांगितलं, पुस्तक काही आता निघत नाही.

"नाय तर नाय. ते खोडलं का? दाखव."

दाखवलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण रेघ दिसत होती. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आजून जोरात खोड."