सहा नंबर, रुंद

कागदाच्या गिरणीत तिला सगळे पान्हेबाई म्हणत. पान्हा तिच्या हातात नसला तर खिशात असे, आणि खिशात नसला तर ती तो शोधत तरी असे. फिटरच्या कामात तीस वर्षं मुरलेली बाई. यंत्राचा आवाज जरा बदलला की कुठलं बेअरिंग कुरकुरतंय हे लांबूनच सांगायची. तिचे स्वतःचे पायही तेवढीच वर्षं कुरकुरत होते, पण तिकडे कान द्यायला बाईंना सवड कुठली!

गिरणीत बूट मिळायचे ते नंबरावर. पुढे पोलादी टोपी, वर जाड कातडं. स्टोअरचा माणूस खिडकीतून विचारायचा, "किती?" आणि तुम्ही आकडा सांगायचा. पायाच्या रुंदीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. मग ज्यांचे पाय पसरट, त्यांनी एक-दोन नंबर मोठा बूट घ्यायचा आणि पुढे उरलेल्या जागेत यंत्र पुसायच्या चिंध्या कोंबायच्या, अशी तिथली रीत पडली होती. पान्हेबाई आठ नंबर घ्यायची. नव्या माणसाला ही युक्ती ती स्वतः शिकवायची, आणि तीही गुरुमंत्र दिल्यासारखी. एवढं करून बोटं बाजूंनी चेंगरायची ती चेंगरायचीच. घरी बूट ओढून काढताना ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. कामाचे बूट म्हटले की असेच असायचे, यावर तिच्याशी वाद घालायची सोय नव्हती.

निवृत्तीपर्यंत हे असंच चाललं असतं. मध्ये ताईचा गुडघा आला.

ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, शाळेत शिकवणारी. गावाबाहेरच्या डोंगरावर दोघी बहिणी वर्षातून एकदा जायच्या. लहानपणी वडील न्यायचे, पुढे आपापल्या पायांनी जायला लागल्या. ते पायही वडिलांचेच होते, फावड्यासारखे रुंद. आई म्हणायची, यांनी पोरींना दुसरं काही दिलं नाही, पण पाय अगदी सारखे वाटून दिले. धाकटीला 'बदक' हे नाव ठेवलं ते मात्र ताईने, स्वतःचे पाय परकराखाली झाकून.

गेल्या वर्षी बदक अर्ध्या वाटेवरून परतलं होतं. चढावर एक सपाट दगड लागतो, तिथे पान्हेबाई बसली आणि तिला उठवेना. गिरणीच्याच बुटांत बोटांची नुसती आग होत होती. "गिरणीतून फोन आलाय, जावं लागेल," असं तिने ठोकून दिलं. ताई एकटी वर गेली. ते खोटं पान्हेबाईला वर्षभर सलत राहिलं.

आता ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. जायचं असेल तर त्याआधी एकदा हळूहळू जाऊन या, पुढचा भरवसा धरू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ताईने फोन केला. सगळं सांगून झाल्यावर तिने सहज विचारावं तसं विचारलं, "या वेळी गिरणीतून फोन येणार आहे का गं?"

म्हणजे हिला कळलं होतं तर!

"नाही येणार," ती म्हणाली. "मी वरपर्यंत येतेय."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर ती थेट बुटांच्या दुकानात गेली. दुकानदार म्हातारा, नाकावर उतरलेला चष्मा, आणि बोलायची घाई अजिबात नाही.

"आठ नंबर दाखवा, काका. गिरणीतही चालले पाहिजेत आणि डोंगरावरही."

"संध्याकाळी आलात, बरं केलंत. सकाळचे पाय खोटं बोलतात, संध्याकाळी फुगून खरं माप देतात." त्याने जमिनीवर कागद अंथरला. "मोजे राहू द्या. उभ्या राहा. असं नाही, दोन्ही पायांवर पूर्ण वजन टाका."

गुडघे टेकून त्याने पेन्सिलीने दोन्ही पायांभोवती रेघ ओढली. मग त्या चित्रावर तिचा जुना बूट ठेवला. बूट पुढे दोन बोटं जास्तीचा होता, आणि दोन्ही बाजूंनी पेन्सिलीची रेघ बाहेर डोकावत होती.

"बाई, तुम्ही सहा नंबरच्या. फक्त रुंद."

"मी तीस वर्षं आठ घालतेय!"

"घालत असाल." त्याने बूट हातात घेऊन वाकवला. "हा इथे मुडपतो. तुमची बोटं मुडपतात त्याच्या मागे. चढावर पाय काय म्हणत असतील बिचारे!"

मग त्याने बुटाच्या टोकातून चिंध्यांचा बोळा ओढून काढला आणि बाकावर ठेवला. पान्हेबाई त्या बोळ्याकडे पाहत राहिली. सैल पान्ह्यात चिंधी घालून बोल्ट फिरवणाऱ्याला तिने आजवर सोडलं नव्हतं. बोल्टची कड जाते, पान्हा निसटतो, हाताची सालं निघतात. नीट मापाचा पान्हा आणता येत नाही का, म्हणून ती चारचौघांत उद्धार करायची. आणि स्वतःच्या पायांना मात्र... तिला राग आला, लाज वाटली, आणि उगाचच रडू येईल असं वाटलं. तिने खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं.

पहिला जोड टाचेला सैल होता, दुसरा घोट्याला चावत होता. तिसरा पुढे चांगला ऐसपैस होता. टोपी गिरणीच्या नियमात बसणारी, पण पोलादाची नव्हे, हलक्या टणक प्लास्टिकची. तळ खाचांचा. दुकानात एक तिरकी फळी होती, तीवर म्हाताऱ्याने तिला पाच वेळा चढवलं-उतरवलं. उतरताना बोटं पुढे आपटली नाहीत.

"आजपासून गिरणीत रोज घाला," तो म्हणाला. "कोरे बूट घालून डोंगरावर गेलेली माणसं मला दुसऱ्या दिवशी लंगडत भेटतात."

चार आठवडे तिने ते घातले. जिन्यांवर, तेलकट फरशीवर, यंत्राखाली उकिडवं बसून. घरी आल्यावर बूट काढायचे राहून गेले, असंही एकदा झालं.

डोंगरावर निघाल्या त्या दिवशी हवा स्वच्छ होती. ताई काठी टेकत हळू चालत होती, पान्हेबाई तिच्या मागे. सपाट दगड आला तशी तिची चाल मंदावली. पण पाय बिनतक्रार होते. बसली ती ताई.

"तू जा वर," ताई म्हणाली. "मी इथूनच बघते."

"गुडघा का?"

"गुडघा कसला! तो बरा आहे आज. बोटं गं. आग आग होतेय नुसती."

ताईने नाड्या सोडल्या, बूट ओढून काढला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. बुटातून कापडाचा एक बोळा घरंगळत दगडावर आला.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी म्हणजे? तूच. गिरणीत लागलीस त्याच वर्षी."

तीस वर्षं! मग पान्हेबाई खाली बसली आणि स्वतःच्या नाड्या सोडायला लागली.

"घाल."

"वेडी आहेस का? आणि तू काय घालणार?"

"तुझे. मला सवय आहे."

ताईने बूट घातले, उभी राहिली, दोन पावलं टाकली आणि थबकली. "अगं बाई," एवढंच म्हणाली. मग काठी टेकत पुढे निघाली. ते लांबडे बूट फटफटवत, बोटं चेंगरून घेत पान्हेबाई तिच्या मागे चालत राहिली. आज तिला दुखण्याचा जराही राग आला नाही.

माथ्यावर दोघींनी डबा उघडला. डबा खाऊन झाल्यावर पान्हेबाईने त्याच्याभोवतीचा वर्तमानपत्राचा कागद उलगडला, झटकला, सपाट खडकावर पसरला आणि खिशातून पेन्सिल काढली.

"बूट काढ आणि यावर उभी राहा."

"कशाला?"

"उभी राहा म्हटलं ना. असं नाही, ताई. दोन्ही पायांवर पूर्ण वजन टाक."

ताई तिच्या खांद्याचा आधार घेऊन कागदावर उभी राहिली. पान्हेबाईने गुडघे टेकले आणि वडिलांच्या त्या रुंद पायाभोवती सावकाश रेघ ओढायला घेतली.