शेवटच्या मीटरपर्यंत

कापडगिरणीतल्या एका तपासनिसांनी तीस वर्षं एकच काम केलं: दिव्याच्या मेजावरून सरकणारं कापड डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि चूक दिसली की खडूने खूण करायची. पहिल्याच मीटरला दहा चुका सापडल्या तरी ठाण शेवटपर्यंत बघितल्याशिवाय शेरा मारायचा नाही, असा तिथला नियम. गिरणीत तो शहाणपणाचा होता. तपासनिसांनी घरी तो रटाळ सिनेमांना, लांबलेल्या भाषणांना आणि सासऱ्यांच्या पोटदुखीच्या वर्णनांनाही लावला, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान.

ते निवृत्त झाल्यावर लेक आठ दिवसांच्या रजेवर आली. येताना तिने बाबांचा वेळ जावा म्हणून एक व्हिडिओ गेम आणला. त्यात गोदामातली खोकी ढकलत ढकलत धक्क्यापर्यंत न्यायची. बस्स, एवढंच. धक्क्यावरचा मुकादम म्हणायचा, "छान. आता पुढचं." असे दोनशे टप्पे. नवव्या टप्प्यालाच तपासनिसांना जांभया सुरू झाल्या, पण शेरा कसा मारणार? सगळी मजा एकशे नव्वदाव्यात दडलेली असली तर?

"बाबा, जरा बोलायचं होतं," लेक म्हणाली.

"एवढा टप्पा होऊ दे."

स्वयंपाकघरातून बायकोने तोफ डागली. "अहो, पोरगी नोकरीला विटलीय. आणखी तीन वर्षांच्या करारावर सही करू की नको, हे रविवारपर्यंत कळवायचंय तिला. तुम्हाला विचारायला आलीय ती. त्या खोक्यांना काय पाय फुटणारेत?"

"बोलू की. रविवार लांब आहे."

लेक मागे खुर्ची ओढून बघत बसायची. बाबांची मान आखडलेली, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"कंटाळा आला असेल तर सोडून द्या ना," ती एकदा म्हणाली.

"असं अर्ध्यावर सोडून कसं चालेल?" तपासनीस पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. त्यानंतर तिने काही विचारलं नाही.

रविवारी एकशे एकाहत्तरावा टप्पा उघडला. गोदाम तेच, खोकी तीच, मुकादमही तसाच खूश. तपासनिसांचं बोट बटणावरच थांबलं. गिरणीतलं ठाण ते शेवटपर्यंत बघत, कारण ते कुणाच्या तरी अंगावर चढायचं असे. ह्या ठाणाचा सदरा कोण शिवणार होतं? त्यांना स्वतःचंच हसू आलं आणि त्यांनी गेम बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी अर्ध्यावर टाकलं होतं आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं. त्यांना फार हलकं वाटलं. लेकीला सांगायला ते तसेच तिच्या खोलीत गेले.

"सोडला मी तो गेम. रद्दी माल. तुझी नोकरी तसलीच असेल तर खुशाल सोड. सही करू नकोस."



"सकाळीच सही करून पाठवली, बाबा. आठ दिवस तुमच्या मागे बसून बघत होते. म्हटलं, एवढं कंटाळूनही तुम्ही सोडत नाही, मग मीच का हातपाय गाळू?"

 तपासनीस पलंगाच्या कडेला बसले.

"करार आता मोडता नाही येणार का गं?"

"येईल की. तीन वर्षांनी," ती म्हणाली आणि बॅग भरायला लागली.