पेला अजून आमच्याकडेच आहे

सुरुवातीलाच सांगते, आमच्या घरात लिंबू येतं ते सरबतासाठी, दारावर टांगायला नाही. असले अनुभव लिहिणाऱ्यांची मी आजवर भरपूर टिंगल केली आहे, त्यामुळे तुम्ही माझी केलीत तर तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

मी गुलमंडीत एका कापड दुकानात नोकरी करते. घरी मी आणि आई. वडील ज्या सकाळी वैजापूरला कांद्याच्या लिलावाला निघाले, तेव्हा घाईत "जातो गं" म्हणाले. आपल्यात निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. आई एरवी कुणालाही तिथल्या तिथं टोकायची. त्या दिवशी तिचे हात कणकेत होते, दूध उतू चाललं होतं... राहून गेलं. वडील मार्केट यार्डातच कोसळले. तेव्हापासून आईनं बोलणं सोडलं. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. मी रागावले, रडले, हात जोडले, पण तिच्या तोंडून शब्द नाही.

वडिलांना गच्चीवरून उपग्रह दाखवायची भारी हौस होती. शहरातलं अंतराळ संग्रहालय बघायचं त्यांचं राहिलं होतं, म्हणून मे महिन्यात सुट्टी बघून आईला घेऊन गेले. भर दुपारी आत चिटपाखरू नव्हतं. सोनेरी कागदात गुंडाळलेल्या उपग्रहाच्या मॉडेलपाशी आईला घेरी आली. मी सावरेपर्यंत एक म्हातारे गृहस्थ खुर्ची घेऊन आलेसुद्धा. अंगात पांढरा शर्ट आणि त्यावर — मे महिन्यात — अर्ध्या बाह्यांचा स्वेटर.

"बसा भाभी, आरामात बसा. इथं कुणाला घाई नाय," ते म्हणाले आणि स्टीलच्या पेल्यातून पाणी दिलं. "मी रिटायर्ड इंजिनियर. सारी उमर यांचे सिग्नल ऐकण्यात गेली."

आई बोलत नाही, असं मी सांगितलं. मग कारणही सांगून टाकलं. अनोळखी माणसाला का सांगितलं, कोण जाणे. ते आईसमोर उकिडवे बसले.

"भाभी, हा पृथ्वीच्या पल्याड गेला की आवाज बंद. आम्ही कानाला हेडफोन लावून बसायचो. नवीन लोक घाबरायचे, गेला म्हणायचे. मी म्हणायचो, आडोशाला आहे, फिकर करू नका. फिरून येतो." मॉडेलला हात लावू नये अशी पाटी होती. ते म्हणाले, "लावा तुम्ही हात. मी आहे ना."

आईनं हात लावला आणि वडील गेल्यानंतर पहिल्यांदा रडली. मलाही रडू आवरेना.

थोड्या वेळानं ते उठले. "चला, जातो मी."

आणि आई बोलली. घोगऱ्या आवाजात, पण तिच्या नेहमीच्या ठसक्यात. "जातो नसतं म्हनू. येतो म्हना."

ते थबकले. "खरंच म्हणू?"

"म्हना की."

"बरं. येतो, भाभी."

पेला आईच्या हातातच राहिला. तो द्यायला आम्ही तिकीट खिडकीवर गेलो. तिथल्या माणसानं त्यावर कोरलेलं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मोहसीन साहेब वारले, त्याला लई दिवस झाले, ताई. हौसेनं इथं येऊन लोकांना समजावून सांगायचे. अजून भेटतेत कुणाकुणाला. पानी देतेत, जातो म्हणतेत अन् जातेत. त्या मानसाला पुन्हा नाय दिसत."

मी हसून म्हणाले, "आईनं तर त्यांना येतो म्हणायला लावलं."

तो हसला नाही. त्यानं पेला माझ्याकडे परत सरकवला. "मग ह्यो तुमीच ठेवा. न्यायला येतील ते."

घरी आल्यावर आई बोलतच सुटली. भाजीवाल्याशी घासाघीस, शेजारणीच्या चौकशा. मला किती बरं वाटलं, ते लिहिता येत नाही. पण संध्याकाळी दुकानातून आले की मोरीत चहाचे दोन कप असतात, दोन्ही प्यालेले. विचारलं, तर म्हणाली, "साहेब येतेत."

"मग एकदा त्यांना जा म्हण ना."

"ज्यानं बोलतं केलं, त्याला जा म्हनू?"

मी कप विसळून ठेवले. खरं सांगायचं तर मला दुसरीच भीती होती. ते गेले आणि आईचा आवाजही गेला तर?

आज सकाळी पर्स खांद्याला अडकवून मी म्हणाले, "येते गं." आई ठेवणीतलं पातळ नेसून कॉटवर बसली होती. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर तो पेला होता, पाण्यानं भरलेला.

"येते," आई म्हणाली.

"अगं, निघाले मी. तू नुसतं ये म्हण."

ती माझ्याकडे बघत नव्हती. खुर्चीकडे बघून पुन्हा म्हणाली, "मी बी येते."

परत येणारं माणूस येते म्हणतं. कुणाच्या सोबतीनं निघालेलं माणूसही येते म्हणतं. आईनं यातलं कुठलं म्हटलं, ते विचारायची हिंमत झाली नाही. मी पर्स खाली ठेवली, दाराला आतून कडी घातली. आई आत पडली आहे, तिचा श्वास मला इथपर्यंत ऐकू येतोय, आणि मी उंबऱ्यात बसून हे लिहितेय.

या सगळ्याचा अर्थ मला लागलेला नाही. येते म्हणणाऱ्याला आपण ये म्हणतो, एवढंच मला माहीत आहे. मी अजून म्हटलेलं नाही.